जीप भरल्याशिवाय फोटो निघत नाही

रात्रीच्या पळत्या गाड्यांचे फोटो काढणारा पोरगा लिहितोय म्हणल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं काय आलं असंल ते मीच सांगतो. लोणावळ्याचा घाट. धुकं. जमिनीला पोट घासत चाललेली लाल परदेशी गाडी. थंडीत बिनबाह्यांचा ड्रेस घालून बॉनेटला टेकलेली एक पोरगी. आणि समोर मी, रात्रीचा काळा गॉगल लावून. असलं वाचायला मिळंल म्हणून हे पान उघडलं असंल, तर पुढं फराळाच्या पाककृती आहेत, त्याच्या पुढं राशिभविष्य आहे, तिकडं गेलात तरी मला राग नाही. माझ्या गोष्टीतली गाडी चाळीसच्या वर गेली की तिचा आरसा गळून पडतो. आणि तिच्यात बसायला एक बाई होत्या, पण वय सत्तरच्या घरात, आणि त्या बसायला तयार नव्हत्या.

खरं तर अनुभव लिहायचे ते रिटायर झाल्यावर. आमचे पप्पा तळेगावच्या एका कंपनीत शिफ्टला जातात. त्यांना सांगितलं, दिवाळी अंकासाठी लेख मागितलाय, तर ते चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले, "सुमेध, आधी पीएफ जमू दे, मग आठवणी जमव." हे वाक्य मी त्यांच्याच आवाजात, त्यांच्यासारखं नाकातनं आमच्या अख्ख्या आळीला ऐकवून आलोय. नकला हा माझा पहिला धंदा. शाळेत असताना मुख्याध्यापकांच्या आवाजात मी माईकवरनं अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती. दोन वर्ग घरी गेले. त्यांच्या मागोमाग पीटीचे सरसुद्धा गेले, म्हणून प्रकरण वाढलं.

दुसरा धंदा फोटोचा. वराळ्यात माझं छोटं दुकान आहे. पासपोर्ट साइज, बारसं, लग्न, वास्तुशांती, सगळं करतो. पण जीव आहे तो रात्रीच्या गाड्यांत. हे काम मी घोरावाडी स्टेशनावर शिकलो. तिथं लोकल थांबते, बाकीच्या गाड्या ढुंकूनसुद्धा बघत नाहीत. फुकटात पळती वस्तू पाहिजे असंल तर त्याच्याइतकी चांगली शाळा नाही.

काम काय असतं ते साधं सांगतो. कॅमेऱ्याचं शटर म्हणजे एक दार. दार झटकन उघडून मिटलं की पळती गाडी उभी दिसते, पार्किंगमधली. दार जास्त वेळ उघडं ठेवलं की गाडीचा लगदा होतो. म्हणून दार उघडं ठेवायचं, आणि गाडीच्याच वेगानं आपण कमरेतनं फिरायचं. जत्रेतल्या चक्रीपाळण्यात बायको बसली की खाली उभा नवरा जशी मान फिरवतो, तसं. मग गाडी स्वच्छ येते आणि बाकीचं जग पुसलं जातं. खांब, झाडं, दिवे, सगळ्याच्या रेघा होतात. ह्याला पॅनिंग म्हणतात. दिवसा दहातले चार जमतात. रात्री गाडी दिसतच नाही, दोन दिवे अंगावर येतात फक्त. मग मी कानानं काम करतो. गाडी लांब असतानाच तिचा आवाज तोंडानं काढायला लागायचं, पहिला गिअर, दुसरा, तिसरा. आवाज तोंडात बसला की वेग कमरेत उतरतो. बघणाऱ्याला वाटतं पोराला झटका आलाय. वाटू दे.

आणि आमच्यातली एक आतली गोष्ट. फोटोतला वेग खोटा असतो. पस्तीसनं चाललेली गाडी फोटोत दीडशेनं दिसते. म्हणून माझा नियम आहे, चाळीसच्या वर कुणी जायचं नाही, वाहता रस्ता घ्यायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. तुंगार्लीत बंगला असलेल्या एका शेठजींचा मुलगा मला म्हणाला, "ब्रो, वन फिफ्टीला घेऊ?" मी म्हणलं, "भाऊ, घ्या ना. फक्त मी घरी पोचल्यावर घ्या." बंगल्याच्या मागच्या खासगी रस्त्यावर पस्तीसनं चालवून घेतली. त्यानं स्टेटसला फोटो टाकला, खाली लिहिलं, दीडशे प्लस. दुसऱ्या दिवशी शेठजींचा मला फोन. माझ्या पोराला मारायला निघालास का, वगैरे. मी खरं सांगितलं तर म्हणाले, "मला शिकवतोस? फोटोत दिसतंय ना."

एका लग्नात तर गाडी नवरी चालवत होती, नवरदेवाला येतच नव्हती. वरमाय माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "असा काढा की तो चालवतोय असं वाटलं पाहिजे." मी म्हणलं, मावशी, पळत्या गाडीत मी एकालाच स्वच्छ ठेवू शकतो, आणि ज्याच्या हातात स्टेरिंग असतं तोच स्वच्छ येतो. त्यांनी फोटो घेतला, पण मोठा केला नाही.

असे लोक येतात, हसवून जातात. आबा आले ते मात्र बसले.

आबा म्हणजे पवनेच्या बाजूच्या एका गावचे जीपवाले. गावाचं नाव नाही सांगत, त्यांच्या घरच्या आजी ओरडतील. जन्मभर त्यांनी कामशेत स्टेशन ते गाव अशी वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन भरेल तेवढी भरायची, जीप चालवली. ते दुकानात पासपोर्ट फोटो काढायला आले होते. समोर भिंतीवर शेठजींच्या मुलाची गाडी लावलेली. तिच्याकडं बघत राहिले.

"ही काय उडती का काय रं?"

"आबा, पस्तीसनं चाललीय ती."

"मग माझीबी अशी दिसंल?"

"कुठलीय गाडी?"

"जीप."

मला हसू आलं, पण आबा हसले नाहीत. खुर्चीत पुढं सरकून म्हणाले, "लय वर्षं चालिवली मी तिला. पर पळताना न्हाई बघितली. कशी बघणार? ती पळायची तवा मी आत."

मी म्हणलं, "एखाद्याला चालवायला द्यायची, आपण बाहेर उभं राहायचं."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी जसं काय त्यांना कवळी उसनी द्यायला सांगत होतो. "स्टेरिंग दुसऱ्याला देत न्हाईत," एवढंच बोलले.

जीपचे कागद संपले होते, रस्त्यावर काढायची सोय नव्हती. परवा सकाळी भंगारवाला क्रेन घेऊन येणार होता. म्हणजे हातात उद्याची एक रात्र. आणि रात्रच पाहिजे होती, कारण शेवटची खेप रात्रीची असायची, शेवटच्या लोकलची माणसं घेऊन. "एकदा बघू दे तिला," आबा म्हणाले. "मग न्हेऊ दे त्याला तुकडं करून."

मी म्हणलं, काढू. म्हणताना मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि माझा मित्र मन्या गावात पोचलो. मन्या लग्नात माझा दुसरा कॅमेरा धरतो आणि पहिल्या पंगतीची जागा धरतो. जीप आबांच्या अंगणात उभी होती, धुऊन, पुसून, आरशाला नवीन लिंबू-मिरची. उद्या भंगारात जाणाऱ्या जीपला नजर कुणाची लागणार होती कुणास ठाऊक. आजींनी चहा दिला आणि जीपकडं पाठ करून उंबऱ्यात बसल्या.

मन्यानं सहज विचारलं, "आजी, पुढच्या सीटवर तुमचा कायमचा पास असंल ना?"

"मी यष्टीनं जाते," आजी म्हणाल्या.

गावात हा जुना विनोद. जीपवाल्याची बायको एसटीनं जाते. आबा मधेच म्हणाले, "तिला इचारू नगंस. ती म्हंती, मी तिला एकदा कामशेतला सोडून आलो. रातची, कडंवर पोर असताना. आता तूच सांग, बायको रस्त्यात उभी दिसंल आन् मी थांबणार न्हाई?"

"न्हाई थांबला," आजी पाठ न वळवता म्हणाल्या.

"अगं पर तू व्हतीस कुटं?"

"खांबाखाली."

"मला न्हाई दिसली."

"मला जीप दिसली."

कडेवरचं ते पोर आता चाकणला कंपनीत सुपरवायझर आहे, म्हणजे भांडण किती जुनं ते बघा. मी चहा संपवला.

आबांच्या अंगणाला लागूनच प्लॉटिंगवाल्यांनी केलेला खासगी रस्ता. सरळ, डांबरी, दोन्ही बाजूंना दिवे. बंगले अजून यायचेत, सध्या त्या उजेडात शेरडं बसतात. वॉचमन आबांच्याच जीपनं लहानाचा मोठा झालेला, त्यानं गेट लावून घेतलं, म्हणजे बाहेरची गाडी यायचा प्रश्न नाही. मन्या रस्त्याच्या त्या टोकाला बॅटरी घेऊन, मी मधे खांबाच्या जरा अलीकडं. आबांना सांगितलं, तिसऱ्या गिअरला टाकायची, तिशीवर काटा ठेवायचा, माझ्याकडं बघायचं नाही, सरळ जायचं. आतला दिवा लावायचा.

"त्यो असतोयच," आबा म्हणाले. जीपच्या छताला पिवळा बल्ब होता. माणसं बसली की ते लावायचे, चिल्लर शोधायला बरं पडतं.

बॅटरी हलली. जीप निघाली. मी तोंडानं सुरू केलं, पहिला, दुसरा, तिसरा. कंबर फिरायला लागली. आणि दहा पावलांवर आली तसा इंजिनाचा आवाज पडला. दुसरा. कर्रर्र. जीप बरोबर माझ्यापुढं उभी राहिली, दार माझ्या पोटाशी. आबांनी मान काढली.

"कुटं जायचंय?"

"आबा, मी सुमेध."

"हां. मग?"

"थांबायचं नव्हतं."

"मी थांबलो व्हय?" आबांनी खाली ब्रेककडं बघितलं, जसं काय दुसऱ्याच कुणाचा पाय होता तिथं.

दुसरी फेरी. आबा मनाशी घोकत निघाले असणार. काच खाली होती, लांबूनच ऐकू येत होतं, "थांबायचं न्हाई, थांबायचं न्हाई." माझ्यापर्यंत आले आणि थांबले. ह्या वेळेला त्यांनी कुठं जायचंय विचारलं नाही. नुसतं डोकं धरलं.

तिसऱ्या फेरीला मी लपलो. खडीचा ढीग होता, त्याच्या आड गुडघ्यावर बसलो, फक्त कॅमेरा वर. जीप ढिगापाशी येऊन थांबली. आबा खाली उतरले, हाका मारायला लागले. "सुमेध, ए सुमेध. आरं हितं उभा व्हतास की. चरात पडलास का काय?"

जन्मभर ज्या माणसानं अंधारात रस्त्याकडंला उभा असलेला एकूणएक माणूस उचललाय, त्याचा पाय माझं ऐकणार नव्हता. आणि पॅनिंगला हेच चालत नाही. ब्रेकला पाय गेला की वेग बदलतो, वेग बदलला की माझी कंबर पुढं, जीप मागं, आणि फोटोत भूत.

दव पडायला लागलं होतं. मन्या चालत आला, हळू आवाजात म्हणाला, "सुम्या, उभ्या जीपचा काढ की. कॉम्प्युटरवर मागं रेघा मार. म्हाताऱ्याला काय कळणारे?"

कळलं नसतं, हे खरं. दहा मिनिटांचं काम. पण आबांनी जीपचा फोटो नव्हता मागितला. त्यांना जीप पळताना बघायची होती. उभ्या जीपमागं रेघा मारून ती पळाली म्हणायचं, तर मग शेठजींच्या मुलात आणि माझ्यात काय फरक? मी म्हणलं, "मन्या, आज फोटो निघाल्याशिवाय मी हितनं हलत नाही. तू पाहिजे तर जा."

"किल्ली तुझ्याकडंय गाडीची," मन्या म्हणाला.

मग मला आयडिया आली. वडापच्या जीपला मागं क्लीनर असतो. पत्र्यावर दोन थापा मारून तो ओरडतो, जाऊ द्या, म्हणजे ड्रायव्हर थांबत नाही. मी मन्याला क्लीनर केला. आबांच्या जुन्या क्लीनरचा आवाज मला आबांनीच काढून दाखवला, मी तो पक्का केला, मन्याला शिकवला. मन्या मागच्या दारात. चौथी फेरी. जीप जवळ आली, मन्यानं थापा मारल्या, "जाऊऽ द्या." जीप थांबली.

आता मात्र आबाच चिडले. मागं वळून मन्याला म्हणाले, "जाऊ द्या काय जाऊ द्या? कशी जाऊ देऊ? गाडी रिकामी हाय."

मी तिथंच उभा राहिलो. एवढी साधी गोष्ट, आणि इतक्या वेळ आम्ही तिघंही झाडाला पाणी घालायचं सोडून कुंडी पुसत बसलो होतो. आबा म्हणाले, "रिकामी जीप उभ्या माणसाला सोडून न्हाई जात, बाबा. तळतळाट लागतो. फुल्ल असली की गोष्ट येगळी."

"म्हणजे फुल्ल असली की नाही थांबणार?"

"फुल्ल असल्यावर कशाला थांबू? बशिवणार कुटं?"

मी आणि मन्या गावाकडं पळत सुटलो.

गावात जेवणं उरकून माणसं ओट्यावर बसली होती. आम्ही सांगितलं, आबांच्या जीपची शेवटची खेप आहे, फुकट आहे, पण जायचं कुठंच नाही. पहिल्यांदा हसले. मग यमुनामावशी उठल्या. ह्या बाईंचा आवाज असा की ग्रामपंचायतीचा भोंगा लाजावा. त्यांनी हाळी दिली तशी घराघरातनं माणसं निघाली. कुणी स्वेटर चढवून, कुणी लुंगीवर. यमुनामावशींनी तर हातात पिशवी घेतली. मी विचारलं, पिशवी कशाला? तर म्हणाल्या, "जीपमधी बसायचं तर मांडीवर काय धरू?"

जाताना त्या आबांच्या दारात थांबल्या. "वैनी, चल की."

आजी उंबऱ्यातच होत्या. "भरलेल्या जीपचं कवतिक मला नगं," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

जीप भरायला लागली आणि जुनी सगळी भांडणं नव्यानं सुरू झाली. खिडकी कुणाची, मधे कोण, पाय कुणाचा, कोपर कुणाचं. एकानं विचारलं, भाडं तेच का वाढलं? मागं लटकायचं नाही, टपावर कुणी नाही, असं मी वॉचमनच्या आवाजात दोनदा ओरडलो, वॉचमन दचकला. सगळे आत बसले, मन्या आतनं मागच्या दाराशी, दारं लावली. मी म्हणलं, "आबा, झाली फुल्ल."

आबांनी मागं बघितलं, शेजारी बघितलं. "न्हाई झाली."

"आता कुठं जागा आहे?"

आबांनी आपल्या उजव्या हाताला थाप मारली. ड्रायव्हर आणि दार ह्यांच्या मधली वीतभर जागा. वडापच्या जीपमधे तिथं एक माणूस अर्धा बसतो, अर्धा हवेत असतो. तो बसला की फुल्ल. मी म्हणलं, तिथं माणूस बसू देणार नाही, पडला तर मी जेलात. आबा म्हणाले, मग फुल्ल न्हाई. मी म्हणलं, तुम्ही हट्टी आहात. आबा म्हणाले, "तू कोण मोठा मऊ हाईस?" शेवटी यमुनामावशींनी मागनं आपली पिशवी पुढं पाठवली. ती आबांच्या उजव्या बाजूला दाबून बसवली. आबांनी कोपर लावून बघितलं, जरा तिरके झाले, रोजच्यासारखे. "आता झाली," म्हणाले.

पहिली भरलेली फेरी. जीप थांबली नाही. चुकलो मीच. भरलेल्या जीपचा आवाज जड असतो, रिकामीपेक्षा खोल. माझ्या तोंडात अजून रिकामी जीप होती, कंबर लवकर फिरली, आणि फोटोत फक्त जीपची शेपूट आली. जीप त्या टोकाला जाऊन वळली. मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, कुणी उतरू नका, कुणी उतरलं तर आबा थांबतील. मग डोळे मिटून उभा राहिलो आणि ऐकलं. त्या टोकाला मन्याच्या थापा, दोन. पहिला गिअर, कण्हल्यासारखा. दुसरा. तिसरा घेताना जीप जरा दम खाते, मग उचलते. तो दम मी तोंडात घेतला. डोळे उघडले. दिवे आले, मी फिरलो, बोट दाबलं, फिरतच राहिलो, जीप पार पुढं जाईपर्यंत.

जीप माझ्यापुढनं गेली. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. आतल्या पिवळ्या उजेडात माणसं, हसणं, यमुनामावशींचा आवाज, सगळं एका झटक्यात जवळ आलं आणि एका झटक्यात लांब गेलं. मागचा लाल दिवा बारीक होत गेला. फोटो मिळालाय हे माझ्या हाताला कळलं होतं. तरी त्या दिव्यामागं मी चार पावलं पळालो. रात्री खेड्याच्या रस्त्यावर भरलेली गाडी आपल्याला सोडून गेली की माणूस पळतो तसा.

रात्रीच वराळ्याला येऊन मोठा प्रिंट काढला. सकाळी क्रेनच्या आधी पोचायचं म्हणून आंघोळ न करता निघालो. पोचलो तेव्हा क्रेनवाला आला होता, साखळी सोडत होता. आबा ओट्यावर बसले होते. मी प्रिंट त्यांच्या मांडीवर ठेवला.

माझ्या कामाबद्दल मी फुशारकी मारतो, पण हा फोटो खरंच तसा आहे. बाकी सगळं पुसलेलं. खांबांच्या, दिव्यांच्या रेघा. आणि मधोमध जीप, नंबर वाचता येतोय इतकी स्वच्छ, तिशीवर चाललेली आणि दीडशेनं सुटल्यासारखी. खिडकीत तोंडं, पिशवी, पिवळा बल्ब. पुढं आबा, जरा तिरके, नजर सरळ.

आबांनी जीपवरनं बोट फिरवलं, चाकापासनं टपापर्यंत. लय वेळ बघितलं. "चांगली पळती गं बाई तू," असं जीपला म्हणाले. मग बोट त्यांच्या स्वतःच्या तोंडावर येऊन थांबलं.

"ह्यो मी?"

"तुम्हीच."

"तू तर हितंच व्हतास. हाताच्या अंतरावर."

"हो."

"ढुंकूनबी न्हाई बघितलं मी तुझ्याकडं."

आबांनी आत हाक मारली, "अगं, जरा भायेर ये."

आजी पदराला हात पुसत आल्या. प्रिंट हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हीच," आजी म्हणाल्या. "अशीच गेलती. आत उजेड, माणसं हसत्यात, आन् तुमचं तोंड असंच समोर. मी हात केलता. पोरानंबी केलता."

आबा प्रिंटकडंच बघत होते. मग म्हणाले, "आतनं न्हाई गं दिसत. फुल्ल असली का उभं माणूस दिसतच न्हाई."

आजींनी प्रिंट त्यांच्या मांडीवर परत ठेवला. वळल्या त्या माझ्याकडं, आणि मग मला जे ऐकावं लागलं ते शाळेतल्या सुट्टीच्या वेळीसुद्धा ऐकलं नव्हतं.

"आन् तू रं, कॅमेरावाल्या. लय शाना हाईस न्हवं? रातची चार येळा रिकामी जीप तुज्यापुढं थांबली म्हणं. चार येळा. कुटं जायचंय म्हणून इचारलं म्हणं तुला. आन् तू त्येंनाच वर शिकिवलंस, थांबायचं नव्हतं म्हणून. गाव गोळा करत फिरलास, त्या यमुनीची पिशवीसुदीक बशिवलीस. रिकामी व्हती तवा मला एक हाक मारता येत नव्हती? मी काय लांब व्हते? हितं उंबऱ्यात व्हते. बसले असते मी. आता तोंड काय बघतोस माझं? जा, त्या क्रेनवाल्याला च्या दे, म्हण घटकाभर बस. आन् तुमी उठा, किल्ली घ्या. ए पोरा, कॅमेरा खाली ठेव. ह्येचा फोटू न्हाई काडायचा."